पेवातला पंचनामा

पंचनामे लिहिण्यात माझी हयात गेली. चोरीचे, जळिताचे, विहिरीत पडलेल्या म्हशीचे, बांधावरच्या तोडलेल्या बाभळीचे. मी तलाठी, पोलिसांच्या पंचनाम्याशी माझा तसा संबंध नाही. पण माझं अक्षर चांगलं, त्यामुळे आलेला प्रत्येक फौजदार मलाच समोर बसवायचा. फुकटची हमाली. सत्तावीस वर्षांत एकच पंचनामा असा लिहिला की ज्यात पंचांनी काहीही पाहिलं नाही, असं मी शाईनं लिहून खाली तारीख टाकली. तो कागद परत येईल, मला जाब विचारतील, म्हणून वर्षभर धास्तावलो होतो. आला नाही. वरचे लोक कागद वाचत नाहीत हे मला तेव्हा कळलं आणि मी देवाचे आभार मानले.

तो पंचनामा गोरक्षनाथाच्या डब्याचा.

गोरक्षनाथ आमच्या काष्टीचा, वरच्या आळीतला. बाप सूर्यभान तो बारा वर्षांचा असताना गेला. आई झुंबरबाईनं बावीस एकर जिरायत एकटीनं ओढली आणि पोराला नगरला बोर्डिंगात घातलं. तिथून पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज, आणि तिथून थेट केरळच्या समुद्रकाठी, अग्निबाण सोडतात तिथं. गावात ही बातमी आली तेव्हा पारावर पहिला प्रश्न आला, "दिवाळीच्या बानाला येवढं शिकावं लागतं व्हय?" पुढं तीनचार वर्षं झुंबरबाईला दिसेल तो विचारायचा, "पोरगा अजून फटाकेच करतोय का?" ती म्हणायची, "व्हय, तुमच्या बुडाखाली लावायला."

तो काय करतो हे मला त्यानं एकदा सुट्टीत समजावलं. म्हणाला, "भाऊसाहेब, उद्या आपण उपग्रह सोडला तर आपलं तोंड कुठं आहे हे त्याला कळायला पाहिजे. वर ना रस्ता, ना बांध, ना मैलाचा दगड. फक्त तारे. त्या ताऱ्यांवरून दिशा ओळखणारा डोळा मी बनवतोय." तेव्हा देशाचा एकही उपग्रह वर गेला नव्हता. अजून गाडी नाही आणि हा तिला कंदील बांधत बसलाय, असं मला वाटलं. मी तोंडावर तसं बोललोही. तो रागावला नाही. "कंदील आधीच लागतो," एवढंच म्हणाला. त्या बोलण्याचा अर्थ मला पुढं कळला.

त्या डोळ्यापायी त्याची आठ वर्षं गेली. डोळा खरा की खोटा हे बघायला तो उंच आकाशात न्यायला हवा, म्हणून हैदराबादेहून मोठाल्या फुग्याला बांधून पेटी सोडायचे. पेटीतला कॅमेरा ताऱ्यांचे फोटो घ्यायचा. काम झालं की रेडिओनं खूण करून पेटी फुग्यापासून सोडवायची आणि ती छत्रीनं खाली यायची. पहिली पेटी कुठल्याशा तळ्यात बुडाली. दुसरी जिथं पडली तिथल्या लोकांनी ती सोडवून वाटून घेतली. फिल्मच्या म्हणे पोरींनी बांगड्या केल्या. त्याचे साहेब वैतागले. असलं यंत्र परदेशातून विकत मिळतं, आता आणखी एकच फुगा देतो, जमलं तर जमलं, असं त्यांनी सांगितलं. तेव्हा गोरक्षनाथ म्हणाला, या वेळी पेटी भीमेकाठच्या आमच्या सपाट मुलखात सोडवू. आमची माणसं परक्याच्या वस्तूला हात लावत नाहीत. साहेबांनी ते हसून कागदावर घेतलं आणि खाली त्याची सही घेतली.

आणि माणसांनी खरंच हात लावला नाही. सगळा घोळ त्यातूनच झाला.

बहात्तर सालचा जानेवारी. लढाई संपून जेमतेम महिना झाला होता. सकाळी दहाच्या सुमारास नारिंगी छत्री गावच्या शिवारात उतरली. पेटीवर हिंदीत पत्रा ठोकलेला होता: खोलू नका, जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा. दुसऱ्या गावानं पत्राच आधी उपटला असता. आमच्या गावानं तो मोठ्यानं वाचला, पेटी बैलगाडीत गवतावर ठेवली, चावडीत आणली आणि पोलीस ठाण्याला कळवलं. आता पोलिसांना कळवलं की पोलीस येणार, आणि पोलीस आले की पंचनामा होणार. पंचनामा म्हणजे मुद्देमाल पंचांसमक्ष उघडून दाखवणं. पत्रा लिहिणाऱ्यानं एवढा विचार केला नव्हता.

गोरक्षनाथ जीपनं धुरळा उडवत पोचला तेव्हा एक वाजून गेला होता. फौजदारांनी पेटी उघडून आतली चीजवस्त घोंगडीवर मांडली होती. भिंगं, तारा, बॅटऱ्या, सगळं माझ्या हातून लिहून झालं होतं. राहिला होता नारळाएवढा एक काळा डबा, लाखेनं बंद केलेला. शिपायानं त्याला छिन्नी लावली होती.

"थांबा!" गोरक्षनाथ जीपमधूनच ओरडला. "हात काढा! त्यात फिल्म आहे. उजेडाचा एक किरण गेला तरी सगळं संपलं!"

शिपाई थांबला. फौजदार थांबणारे नव्हते. माणूस वाईट नव्हता, पण जिल्ह्याहून तार आली होती: आकाशातून पडलेल्या वस्तूत काय काय आहे, याची यादी पाचच्या आत तारेनं कळवा. तारऑफिस पाचला बंद. गोरक्षनाथानं खिशातून शिक्क्याचं पत्र काढलं. फौजदारांनी ते उलटसुलट केलं आणि म्हणाले, "असली पत्रं टाइप करायला काय लागतं? लढाई होऊन महिना झाला नाही. डब्यात बाँब निघाला तर मी काय सांगू, पत्र चांगलं होतं?"

"मग हैदराबादला फोन लावा."

"ट्रंक कॉल सकाळी लावलाय. लागला तर मला उठवा."

"रात्रीपर्यंत थांबा. अंधारात उघडू."

"रात्रीपर्यंत थांबायची मुभा तारेत नाही. आणि गावाची हद्द सोडून मुद्देमाल हलवता येत नाही."

गोरक्षनाथ गयावया करायला लागला आणि मला ते बघवेना. हा पोरगा कधी कुणाच्या पाया पडला नव्हता. चावडीच्या मागच्या खोलीत खिडकीला घोंगड्या लावून बघितल्या. पण छपराच्या पत्र्याला इतकी भोकं की पाच मिनिटांत माणसाला आपली बोटं मोजता येत होती.

मग मीच तोंड घातलं. म्हटलं, "साहेब, मागं एका आंधळ्या धनगरानं चोरीचं मेंढरू पाठीवर हात फिरवून ओळखलं होतं. तो पंचनामा मीच लिहिलेला. कोर्टानं ग्राह्य धरला. पंचांनी चाचपून खात्री केली तर ती खात्रीच की."

फौजदारांनी माझ्याकडे बघितलं. "लिहाल तसं?"

"लिहीन."

"आणि वर आलं तर?"

"माझ्या अंगावर येईल." हे मी का बोललो कुणास ठाऊक. माझा स्वभाव तसा नाही.

"पण पूर्ण काळोख कुठाय गावात, दिवसाढवळ्या?" फौजदार म्हणाले.

सगळ्या गावाला उत्तर माहीत होतं आणि सगळे जमिनीकडे बघत होते. शेवटी गोरक्षनाथच म्हणाला, "पेवात."

पेव म्हणजे जोंधळा साठवायला पांढरीत, गावठाणाच्या घट्ट मातीत, खणलेला खोल खड्डा. तोंड एक माणूस जाईल एवढं, खाली पोट मोठं. तोंडावर शिळा ठेवून लिंपलं की आत मुंगीला वाट नसते, उजेडाला कुठून असणार. गावात तेव्हा तीनच पेवं उरली होती. एक ढासळलेलं, एक जोंधळ्यानं भरलेलं. तिसरं झुंबरबाईच्या अंगणातलं, अठरा वर्षं न उघडलेलं. त्यातच सूर्यभान गेला होता.

बंद पेवात हवा विषारी होते. पेव उघडलं की आधी दोराला कंदील बांधून खाली सोडायचा. विझला तर माणसानं उतरायचं नाही. हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही माहीत. त्या दिवशी सूर्यभानानं गोरक्षला कंदील आणायला धाडलं. कंदिलात तेल नव्हतं. पोर शेजारी तेल मागायला गेलं. दारात गिऱ्हाईक खोळंबलं होतं, सूर्यभानाला दम निघेना, तो तसाच उतरला. पोर पेटता कंदील घेऊन आलं तेव्हा कादर पिंजारी दोर ओढत होता आणि दोराला भार होता.

झुंबरबाई गर्दीत मागं उभी होती. पुढं आली. पोराकडे न बघता मला म्हणाली, "भाऊसाहेब, ती शिळा मी जित्ती हाय तवर हलायची न्हाई."

"आई," गोरक्षनाथ म्हणाला.

"न्हाई म्हन्ते ना! एक मानूस दिला त्या भोकाला. अजून किती देऊ?"

"आई, आठ वर्षं केलेलं आहे गं. हे गेलं तर परत नाही. मी सही करून आलोय की माझी माणसं हे राखतील."

तिनं पहिल्यांदा डब्याकडे बघितलं. "काय हाय त्यात?"

"ताऱ्यांचे फोटो. तिथं माणूस अजून जाऊ शकत नाही. म्हणून आधी हे सोडलं."

मला वाटलं ती रडेल. तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "कंदील तीन डाव सोडायचा. मी हो म्हन्ल्याबिगर कुनी उतरायचं न्हाई. फौजदाराचा बाप आला तरी न्हाई."

अडीच वाजता शिळा सरकवली. आंबूस वास वर आला आणि माणसं मागं हटली. कादरनं कंदील सोडला. कादर म्हणजे सूर्यभानाचा जिवाचा सोबती, गावभर गाद्या भरून देणारा, आता दाढी पिकलेली. कंदील तोंडाच्या खाली दोन हातही गेला नसेल, ज्योत बसली. दोर ओढून वर घेतला तर काच अजून गरम होती.

मग घोंगडी दोराला बांधून खालीवर, खालीवर हापसायला सुरुवात झाली. आतली हवा उपसायची आमची ती रीत. माणसं बदलत होती. गोरक्षनाथ कुणाला दोर देत नव्हता, त्याच्या तळहाताची सालटी निघाली. फौजदार दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते आणि दर वेळी ते मला दाखवत होते. मला त्यांचा मनस्वी राग आला. सव्वातीनला दुसरा कंदील. तळापर्यंत गेला, निळा झाला, तडतडला आणि विझला. झुंबरबाईनं मान हलवली.

चार वाजले. फौजदार म्हणाले, "पुरे. मी डबा फोडतो." गोरक्षनाथानं डबा पोटाशी धरला आणि खाली बसला. त्याच्या हातून तो काढून घ्यायला शिपाई पुढं झाला. तेवढ्यात कादर ओरडला, "जळतुय! थांबा, जळतुय!"

तिसरा कंदील तळाशी जळत होता. पिवळा, सरळ. झुंबरबाई तोंडापाशी पालथी पडून बघत राहिली. बऱ्याच वेळानं उठली आणि म्हणाली, "व्हय."

आता खाली उतरणारे दोन पंच हवेत. कादर धोतर खोचून तयार होता. दुसरा कोण? गावात मिशा पुष्कळ होत्या. एकाला दम्याचा त्रास, एकाच्या म्हशीची धार राहिलेली, पोलीस पाटलाची कंबर नेमकी त्याच वेळी धरली. आणि मी लिहिणारा म्हणून वर राहणार, हे मी आधीच ठरवून ठेवलं होतं. उगाच मोठेपणा कशाला सांगू? मला भीती वाटत होती.

"मी उतरते," झुंबरबाई म्हणाली.

"आई पंच कशी चालेल?" फौजदार म्हणाले.

"मुद्देमाल सरकारचा आहे, तिच्या पोराचा नाही," मी म्हणालो. "आणि ती गावची राहणारी आहे, सज्ञान आहे. आणखी काय लागतं पंचाला?" फौजदारांनी घड्याळ बघितलं आणि हात उडवला.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. फिल्म उघडायची म्हणजे आत कंदील ठेवता येणार नाही. ज्या कंदिलाच्या भरवशावर माणूस पेवात उतरतो, तोच वर घ्यायचा आणि वरून शिळा घालायची. हवा पुन्हा बिघडली तर कळणार कसं?

झुंबरबाईनं ते आधीच जाणलं होतं. "मी मापं मोजल्यागत मोजीत ऱ्हाते. आवाज थांबला की शिळा काडा अन् दोर वडा."

तिघं उतरले, प्रत्येकाच्या कमरेला दोर. कंदील वर आला. शिळा बसली, तिच्यावर चार घोंगड्या. मी तोंडापाशी कान लावून जमिनीवर पालथा पडलो. वीस मिनिटं राहिली होती.

खालून आवाज आला. धान्य मापताना आमच्यात एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. "लाभ... दोन... तीन..." आवाज लांबून, जमिनीच्या पोटातून येत होता. मधूनच गोरक्षनाथाचं पुटपुटणं. लाख फोडल्याचा कट्ट आवाज. "बावीस... तेवीस..." माझ्या कपाळावरचा घाम मातीत पडत होता. "अडतीस... एकूनचाळीस..."

आणि थांबलं.

मी वाट बघितली. एक श्वास, दोन श्वास. आता शिळा काढली तर फिल्म गेली, आठ वर्षं गेली. नाही काढली आणि खाली ती पडली असली तर? दोर धरलेले गडी माझ्या तोंडाकडे बघत होते. मी हात वर केला होता आणि तो खाली आणायचा की नाही हे मला कळत नव्हतं. तेवढा लांब क्षण मी आयुष्यात दुसरा बघितला नाही. माझा हात खाली यायला लागला.

"लाभ," खालून आवाज आला. "दोन... तीन..."

मी मातीत तोंड खुपसून रडलो. फौजदारांनी ते बघितलं आणि दुसरीकडे तोंड फिरवलं. तेवढं मात्र त्यांनी बरं केलं.

चार पंचेचाळीसला तिघं वर आले. डबा पुन्हा बंद, त्यावर काळी पट्टी. खाली काय झालं ते कादरनं सांगितलं. "गोरक्षा म्हन्ला, आई, फिल्मला बोट लावू नगं, निस्ती रिळाची कडा चाचप. पन वैनी म्हन्ली, खोटी गवाही मी देनार न्हाई. अन् बोट लावलंच. ह्यो बोंबलला, ती दचाकली, अन् मोजायची इसरली. मी म्हन्लं वैनी, मोज, न्हाई तर भाऊसाहेब वर मरंल."

"बोट लावल्याबिगर खातरी कशी व्हनार," झुंबरबाई म्हणाली.

मी लिहिलं: आम्हा पंचांनी सदर डब्यातील वस्तू डोळ्यांनी पाहिली नाही. हातांनी चाचपून खात्री केली की ती रिळावर गुंडाळलेली फिल्म असून दुसरी कोणतीही वस्तू आत नाही. दोन्ही प्रतींवर कादरनं सही केली, झुंबरबाईनं अंगठा दिला. पाचला चार मिनिटं कमी असताना तार गेली. गोरक्षनाथ डबा मांडीवर घेऊन जीपमध्ये बसला. आईच्या पायांवर डोकं ठेवायला वाकला तर तिनं आधी त्याचे तळहात उलटून बघितले आणि त्यांना तूप लावलं.

चार महिन्यांनी माझ्या नावावर पाकीट आलं. पत्र छोटं होतं. तीनशेच्या वर फोटो चांगले निघाले. डोळ्यानं प्रत्येक फोटोत दिशा बरोबर ओळखली. परदेशी यंत्राचं नाव साहेबांनी पुन्हा काढलं नाही. सोबत एक फोटो होता. तो आईला दाखवा, असं लिहिलं होतं.

मी दप्तरातली पंचनाम्याची नक्कल काढली आणि दोन्ही घेऊन वरच्या आळीत गेलो. झुंबरबाई अंगणात जोंधळा निवडत बसली होती. पेवाच्या तोंडावर शिळा नव्हती, नुसती बाभळीची काटेरी फांदी टाकलेली होती. मी तिला फोटो दिला. काळ्या आभाळात पांढरे ठिपके, आणि मधोमध, ताऱ्यांच्या वर, एक अंगठा. रेघ न् रेघ दिसत होती. मी नक्कल शेजारी धरली. तिथला निळा अंगठा आणि हा, दोन्ही एकच.

तिचा चेहरा उतरला. "म्हंजी माज्यापायी ह्यो बिघाडला?"

"एवढा एकच. बाकीचे चांगले आहेत. हा टाकून द्यायला सांगितला होता, त्यानं राखून ठेवलाय. एक त्याच्या टेबलावर आहे, हा तुम्हाला."

तिनं फोटो उजेडात धरला. मग करंगळीनं एकेक ठिपका दाखवत गेली. "ह्ये काय?"

"तारे. तिथं वर असे दिसतात."

"कंदिलावानी हायेत." तिनं सगळे ठिपके पुन्हा बघितले, अगदी कडेपर्यंत. "ह्यातला इझला न्हाई ना येकबी?"

"नाही."

तिनं फोटो पदराला पुसला आणि म्हणाली, "मग त्याला लिवा भाऊसाहेब. मानसानं जायाला हरकत न्हाई."

मी त्याच दिवशी तसं लिहून टाकलं.